राक्षस, खलनायक आणि रूप: कोकणातल्या गोष्टींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि आमच्या घरी मुंबई-पुण्याची माणसं येऊ लागतात. रात्रभर देवळात दशावतार, म्हणजे आमचं लोकनाट्य, बघतात आणि सकाळी पडवीत चहा घेताना प्रश्न विचारतात. तेच प्रश्न दर वर्षी फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. काही घरात ऐकलेलं आहे, काही पोथ्यांत वाचलेलं, काही कलाकारांच्या शेजारी बसून बघितलेलं.

संकासुर म्हणजे नेमका कोण?

वेद चोरणारा असुर. कथेतलं त्याचं नाव शंखासुर. ब्रह्मदेवाकडचे वेद घेऊन तो समुद्रात दडला, मग विष्णूने मत्स्याचं रूप घेऊन त्याला मारलं आणि वेद परत आणले. शंखाचा संक झाला तो आमच्या तोंडी. असुर दडला तो समुद्रात, आणि आम्ही राहतो समुद्राच्या काठाला. तो आम्हाला जवळचा वाटला यात मला नवल वाटत नाही.

दशावताराच्या खेळाला दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, त्याला आडदशावतार म्हणतात, आणि मग आख्यान. आडदशावतारात सूत्रधार येतो, ऋद्धी-सिद्धींसह गणपती येतो, मोरावरची सरस्वती येते, भटजी येतो, आणि मग येतो संकासुर. अंगभर काळे कपडे, डोक्यावरून चेहऱ्यावर ओढलेला काळा बुरखा आणि तोंडाच्या जागी लोंबणारी लाल कापडाची जीभ. रात्रीच्या उजेडात ती जीभ हलली की पुढच्या रांगेतली पोरं एका झटक्यात मागे सरकतात. पण तो तोंड उघडतो आणि तीच पोरं हसत सुटतात. सूत्रधार विचारतो, तू कोण? तर हा म्हणणार, "मी कोण तां माका ठावक नाय, म्हणान तर तुका इचारूक इलंय." मग बराच वेळ दोघांची जुगलबंदी चालते. शेवटी विष्णू येतो, युद्ध होतं आणि संकासुर पडतो.

आता पुष्कळ ठिकाणी वेळ नाही म्हणून आडदशावतार आटोपता घेतात, थेट आख्यानाला हात घालतात. मला ते मनापासून खटकतं. संकासुर काढून टाकला तर त्या रात्रीचं दारच निघून जातं.

देव प्रमाण मराठीत बोलतात आणि असुर मालवणीत. हा आमच्या भाषेचा अपमान नाही का?

हा प्रश्न बहुतेक कॉलेजातली मुलं विचारतात, आणि रागाने विचारतात. राग समजतो. सिनेमात, मालिकेत गावंढळ नोकराला मालवणी बोलायला लावतात तेव्हा मलाही राग येतो.

पण देवळाच्या मंडपात काय घडतं ते बघा. विष्णू ठरलेलं बोलतो. पुराणातलं, भारदस्त, दर वर्षी तेच. संकासुर मात्र त्या गावचं बोलतो. गावातला खचलेला साकव, यंदा आंब्याला न आलेला मोहर, बाजारात बांगड्याला आलेला भाव, देवळाच्या हिशोबावरून झालेलं भांडण, सगळं त्याच्या बोलण्यात येतं. ज्या मानकऱ्यासमोर एरवी कुणी ब्र काढत नाही, तो समोर खुर्चीवर बसलेला असताना त्यालाच दोन शब्द ऐकवायची मुभा फक्त संकासुराला असते. त्याच्या तोंडी मालवणी आहे ती अशी, गावाचं मन बोलण्यासाठी. तो खाली पडतो तेव्हा एक क्षण मंडपात अगदी शांतता होते. एवढा वेळ आपल्या भाषेत बोलणारा एकटाच होता आणि तो मेला, हे सगळ्यांना जाणवलेलं असतं.

गुहागर-चिपळूणकडचा संकासुर वेगळा का दिसतो?

कारण तो दुसऱ्या खेळातला आहे. उत्तर रत्नागिरीत शिमग्याला खेळे निघतात, नमन होतं. तिथला संकासुर उंच टोपी घालतो, पांढरी दाढी लावतो, कमरेला घुंगरं बांधतो आणि पालखीबरोबर घरोघर फिरतो. त्याच्याबरोबर बाईच्या वेषातला पुरुष, म्हणजे गोमू, नाचते. तळकोकणचा संकासुर बडबड्या, तिकडचा नाचरा. नाव एक, वेषही मुळात काळाच, पण स्वभाव निराळे. यातला खरा कुठला, हा वाद घालू नये.

असुर, राक्षस, दैत्य, दानव हे सगळे एकच का?

बोलताना आपण एकच धरतो. पोथीत मात्र वेगळे आहेत. दितीचे मुलगे ते दैत्य, दनूचे ते दानव. असुर हा शब्द तर ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही आदराने लावलेला आहे. त्याला वाईट अर्थ पुढे चिकटला.

राक्षस शब्दाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. रामायणाच्या उत्तरकांडात ती आहे. प्रजापतीने आधी पाणी निर्माण केलं आणि ते राखायला प्राणी निर्माण केले. त्यांतले काही म्हणाले, आम्ही 'रक्षाम', म्हणजे रक्षण करू. ते राक्षस झाले. दुसरे म्हणाले 'यक्षाम', ते यक्ष झाले. म्हणजे राक्षस हा मुळात राखणदार. पाण्याचा राखणदार.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या प्रत्येक गावाच्या वेशीवर, बांधावर, वहाळाच्या वळणावर कुणीतरी राखणदार असतोच. कुठे देवचार, कुठे आणखी काही नाव. रात्री हातात काठी घेऊन हद्दीवरून फिरतो, त्याच्या घुंगरांचा आवाज येतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो असं म्हातारी माणसं सांगतात. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची असते. नारळ, कोंबडा, कुठे विडी, कुठे दारू. त्या वेळी गाऱ्हाणं घालतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." भीती आहे, पण तिच्याशी बोलणं चालू आहे. मला कोकणच्या सगळ्या भूतकथांचं मूळ इथे दिसतं. भयंकराला आम्ही हाकलून दिलेलं नाही, त्याला कामाला लावलेलं आहे.

आणि पुराणंही हेच सांगतात. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, रावण आणि कुंभकर्ण, शिशुपाल आणि दंतवक्र, हे तिन्ही जन्मांतले खलनायक मूळचे कोण? जय-विजय. वैकुंठाचे द्वारपाल.

राक्षस कुरूपच असतात ना?

नाही. हा गैरसमज कॅलेंडरांनी आणि मालिकांनी पसरवला.

हनुमान लंकेत रावणाला पहिल्यांदा समोरासमोर बघतो तेव्हा वाल्मीकी काय लिहितात ते सुंदरकांडात उघडून बघा. "अहो रूपमहो धैर्यमहो सत्त्वमहो द्युतिः." काय हे रूप, काय धैर्य, काय बळ, काय तेज! शत्रूच्या दरबारात बांधून आणलेला माणूस हे मनात म्हणतो आहे. पुढे तो असंही म्हणतो की याच्यात अधर्म एवढा बळावला नसता तर हा इंद्रासह सगळ्या देवलोकाचा रक्षक झाला असता. पुन्हा तोच शब्द, रक्षक. दशावतारात रावणाचं काम गावातल्या सगळ्यांत देखण्या, भरदार आवाजाच्या नटाकडे जातं, ते वाल्मीकींना धरूनच आहे.

शूर्पणखेचं उलट. शूर्प म्हणजे सूप. सुपासारखी नखं असलेली ती शूर्पणखा. ज्या सुपाने घरात तांदूळ पाखडतात, त्याच सुपावरून तिचं नाव. वाल्मीकींनी तिची आणि रामाची शब्दाशब्दाला तुलना केली आहे: तो सुमुख, ती दुर्मुखी, त्याची कंबर बारीक, तिचं पोट मोठं. मला हा श्लोक कधीच सुखाने वाचता आलेला नाही. तिने मन उघड केलं, दोघा भावांनी तिची थट्टा केली, ती सीतेवर धावली आणि तिचं नाक-कान कापलं गेलं. तमिळमधल्या कंबाच्या रामायणात तीच शूर्पणखा सुंदर रूप घेऊन येते. गोष्ट एकच, पण सांगणाऱ्याने तिला चेहरा दुसरा दिला की आपल्या मनातला न्यायही हलतो.

पूतना तर गोकुळात आली तेव्हा केसांत मोगऱ्याची फुलं माळून आली. भागवतात आहे की गोपींना वाटलं, ही लक्ष्मीच आपल्या पतीला भेटायला निघाली आहे. तिच्या स्तनांवर विष होतं. कृष्णाने दुधाबरोबर तिचा प्राण शोषला आणि ती खऱ्या रूपात कोसळली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची सहसा कुणी सांगत नाही. गोकुळातल्या लोकांनी तिचा देह जाळला तेव्हा त्या धुराला अगरूचा सुगंध येत होता. आणि कृष्णाने तिला गती दिली ती आईची, कारण कपटाने का होईना, तिने त्याला पाजलं होतं. आमची आजी हे सांगताना थांबायची. तिला स्वतःला दोन मुलं गेल्याचं दुःख होतं. ती म्हणायची, "पाजल्यान ना? मगे आवसच ती."

वेताळ भुतांचा राजा. मग आरवलीला त्याचं देऊळ कसं?

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आरवली लागतं. तिथला वेतोबा म्हणजे वेताळच, पण गावासाठी तो पोटच्या पोरासारखं सांभाळणारा देव आहे. मूर्ती माणसापेक्षा खूप उंच, हातात तलवार, उभी. विक्रमाच्या खांद्यावर बसून पंचवीस गोष्टी सांगणारा प्रेतातला वेताळ डोक्यात ठेवून तिथे गेलात तर पहिली काही मिनिटं गोंधळायला होतं, कारण चेहऱ्यावर भीतीचं काही नाही.

नवस फेडताना त्याला दोन गोष्टी देतात. केळ्यांचा घड आणि चामड्याच्या वहाणा. वहाणा साध्या नाहीत, मूर्तीच्या मापाच्या. एवढ्या मोठ्या की लहान मूल त्यात बसेल. देवळात त्यांच्या जोड्या मांडून ठेवलेल्या असतात. मी एकदा वाकून नीट बघितल्या. जाड तळ, वर चामड्याचे पट्टे, नवं चामडं असल्याचा उग्र वास. लोक सांगतात, वेतोबा रात्री गावभर फिरतो, म्हणून त्या वहाणांचे तळ झिजतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी एका जुन्या जोडीच्या टाचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही बघ, हय जास्त चलता."

मला ही श्रद्धा फार मोठी वाटते. ज्याच्या नावाने बाकी मुलखात घाबरवतात त्याला इथे लोकांनी विचारलं, रात्री फिरतोस तर पाय दुखत असतील, वहाणा देऊ का?

हडळीची पाठ पोकळ आणि पाय उलटे का असतात?

समोरून बघितलं तर देखणी बाई, केस मोकळे, आणि पाठीमागून बघितलं तर नुसती हाडं. पावलं मागे वळलेली. आमच्याकडे सांगायचे, रात्री बाई हाक मारून बोलली तर आधी तिच्या पायांकडे बघ.

कोकणातली भुतं कोण कशाने होतं याला अगदी पक्के नियम आहेत. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा, पिंपळावर राहणारा. गिऱ्हा पाण्यातला. चकवा वाट चुकवणारा. समंध इस्टेटीत जीव अडकलेला. आणि हडळ कोण, तर बाळंतपणात किंवा बाळंतपणाच्या दहा दिवसांत गेलेली बाई. नाशिकला १९०९ साली ज्यांचा वध झाला त्या कलेक्टर जॅक्सन यांनी आधी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून प्रश्नावली भरून घेऊन अशा समजुती गोळा केल्या होत्या. त्यांचा कोकणाविषयीचा भाग एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ मध्ये छापून आणला. कोकणच्या गावोगावच्या मास्तरांनी पाठवलेली ती माहिती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: बायांची भुतं बहुतेक बाळंतपणातली, विटाळातली, किंवा इच्छा अपुरी राहिलेली.

दवाखाना दूर, पावसात होडी बंद, सुईण पोचली नाही, आणि विशीतली मुलगी गेली. असं प्रत्येक वाडीत घडलेलं आहे. जिला वाचवता आलं नाही तिची भीती वाटावी, आणि तिने आपल्याकडे पाठ फिरवली की आत काहीच उरलेलं दिसू नये, याचा अर्थ मला भुतापेक्षा जास्त छळतो. म्हणून हडळीची गोष्ट मी मुलांना सांगतो तेव्हा ती कशी मेली हे आधी सांगतो. रूपाच्या जाळ्यात पुरुषांना ओढणारी सटवी असं तिचं वर्णन करणाऱ्यांशी माझं पटत नाही.

नरकासुर जाळतात ते योग्य आहे का? तो एवढा वाईट होता?

होता. त्याने सोळा हजार स्त्रिया कोंडून ठेवल्या होत्या आणि देवमाता अदितीची कुंडलं पळवली होती. त्याच्या वाईटपणाबद्दल शंका नको.

पण तो कुणाचा मुलगा ते विसरू नका. भूमीचा. म्हणून त्याला भौमासुर म्हणतात. प्राग्ज्योतिषपूरचा राजा. कृष्ण सत्यभामेला बरोबर घेऊन गेला आणि त्याला मारलं. भागवतात पुढे काय होतं, तर स्वतः भूमी कुंडलं घेऊन पुढे येते, कृष्णाची स्तुती करते आणि नरकाच्या मुलाला, भगदत्ताला, पदरात घ्या म्हणते. मुलगा मारला गेला आहे आणि आई नातवासाठी हात जोडून उभी आहे. हाच भगदत्त पुढे महाभारतात हत्तीवर बसून पांडवांशी लढतो.

आमच्याकडे चतुर्दशीला पहाटे अंधारात उठवतात. अंगाला तेल, गरम पाणी, मग तुळशीपुढे हिरवं कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, "गोविंदा गोविंदा" म्हणायचं आणि त्याची बी जिभेला लावायची. कडूजहर. तोंड वाकडं करून आत पळालं की पोह्यांची ताटं तयार: गूळपोहे, दूधपोहे, तिखट पोहे, सगळे नव्या भाताचे. माझ्या मते नरकासुराचा खरा वध त्या अंगठ्याखाली होतो. असंही सांगतात की मरताना त्यानेच मागितलं, या दिवशी पहाटे जो स्नान करील त्याला नरकाची भीती नसावी. म्हणजे आपण पहाटे कुडकुडत अंघोळ करतो ती एका असुराच्या शेवटच्या मागणीसाठी.

सावंतवाडी-कुडाळकडे आणि गोव्यात तरुण मुलं बांबू, गवत आणि कागदाचे मोठे पुतळे करतात, स्पर्धा लागतात. मुलांच्या हातात कला आहे, दात, नखं, डोळे असे करतात की बघत राहावं. माझी तक्रार एकच आहे. पुतळा दर वर्षी वाढतो, कर्कश डीजे वाढतो, आणि त्याला मारणारा कृष्ण कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधावं लागतं. सत्यभामा तर दिसतच नाही.

दोनच दिवसांच्या अंतराने आपण दुसऱ्या असुराची आठवण काढतो ती मात्र ओवाळून. पाडव्याला बायका म्हणतात, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." नरकही असुर, बळीही असुर. एकाने ओरबाडलं, दुसऱ्याने तीन पावलं जमीन मागणाऱ्याला नाही म्हटलं नाही.

दशावतारातल्या इतक्या सुंदर बायका पुरुष कशा काय होतात?

मेहनतीने. रंगपट म्हणजे देवळाच्या बाजूची ओसरी. जो तो आपली ट्रंक उघडतो, झाकणाला आरसा टेकवतो आणि मांडी घालून बसतो. रंगवायला वेगळा माणूस नाही, ज्याने त्याने आपलं तोंड आपण रंगवायचं.

गेल्या जत्रेत मी एका स्त्रीपार्टीच्या शेजारी बसलो होतो. दुपारी त्याने शेतात नांगर धरलेला, हाताला घट्टे. आधी दाढी अगदी घोटून केली, मग गालांवर, गळ्यावर, कानांच्या मागेही रंग लावला. कानामागचा रंग कुणाला दिसणार? मी विचारलं. म्हणाला, "माका दिसता." मग भुवया. श्वास रोखून, एका फटक्यात. मग नऊवारीच्या निऱ्या, अंबाडा, अबोलीचा वळेसर. तो उठून उभा राहिला तेव्हा चालणंच बदललेलं होतं.

शेजारी बसलेला राक्षसपार्टी त्याच काजळाच्या डबीची वाट बघत होता. डबी हातोहात पुढे गेली. इथे बारीक रेघ ओढली ती सीतेची भुवई, तिथे तीच जाडी करून नाकापर्यंत आणली ती राक्षसाची. इकडे ओठांवर लाल, तिकडे तोच लाल ओठांच्या कडेवरून हनुवटीपर्यंत ओघळलेला. रूप आणि विद्रूप यांत त्या ओसरीवर दीड हाताचं अंतर होतं. पुढच्या जत्रेत कामं बदलू शकतात, आज जो राक्षस तो उद्या ऋषी. मंडपात जाऊन बसले तरी दोघांना बसायला एकच बाकडं, तेच सिंहासन आणि तेच वनातलं पाषाण.

कलाकारांबद्दल आमच्याकडे म्हण आहे, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला चालत जायचे. आता टेम्पो आले, पण मानधनाचा प्रश्न अजून तितकासा सुटलेला नाही. पाहुण्यांना माझी विनंती असते, खेळ संपताना ओवाळणीचं ताट येईल तेव्हा मोबाइल खिशात घाला आणि पाकीट बाहेर काढा.

एखाद्याला खलनायक कोण ठरवतं?

लिहिणारा. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे चाचा आहे, लुटारू आहे. अलिबागला त्यांच्या समाधीपाशी जाऊन हा शब्द उच्चारून बघा. परवाना न घेता आपल्या पाण्यातून जाणारी जहाजं मराठ्यांच्या सरखेलाने, म्हणजे आरमारप्रमुखाने, धरली, तर ती चाचेगिरी कशी? १७२९ मध्ये ते वारले तोवर इंग्रज, पोर्तुगीज कुणालाही त्यांना पाण्यावर नमवता आलं नाही. ज्याला हरवता आलं नाही त्याला गोष्टीत राक्षस करून टाकतात.

बाळाला काळी तीट लावतात, दारावर राक्षसाचा मुखवटा लावतात. यात संबंध आहे का?

आहे असं मी मानतो. न्हाऊन माखून पावडर लावलेल्या बाळाच्या गालावर किंवा कपाळाच्या कडेला आई काजळाचं बोट टेकते. रूप पूर्ण होऊ द्यायचं नाही, एक डाग राहू द्यायचा, म्हणजे दृष्ट त्या डागावर थांबते.

देवळांत हेच काम कीर्तिमुख करतं. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर किंवा देवाच्या प्रभावळीच्या माथ्यावर बटबटीत डोळ्यांचं, नुसतंच तोंड असलेलं जे रूप असतं ते. त्याची गोष्ट अशी: जालंधर नावाच्या असुराने राहूला शंकराकडे पाठवलं, शंकराच्या क्रोधातून एक भुकेलेला जीव निघाला, खायला काही नाही म्हटल्यावर शंकर म्हणाले, मग स्वतःलाच खा. त्याने पायापासून खायला सुरुवात केली आणि तोंडच तेवढं उरलं. प्रसन्न होऊन शंकर म्हणाले, तू माझ्या दारात राहा, तुला नमस्कार केल्याशिवाय माझी पूजा पोचणार नाही. आपण घाईत उंबरा ओलांडतो. पुढच्या वेळी वाकून बघा.

हे सगळं कुठे बघायला मिळेल?

दशावतारासाठी कार्तिकापासून पुढे सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गावच्या जत्रेला या. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर रात्री उशिरा खेळ सुरू होतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. पेटाऱ्याची पूजा झालेली असते, त्याला पाय लावू नका. रंगपटात विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघा. एका कथेच्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरून गोष्ट गात सांगायची. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत देवाचे डोळे टपोरे, आणि राक्षसाचेही तितकेच टपोरे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा मिळतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पानं, हाताने रंगवलेली.

आमची मुलगी चार वर्षांची आहे. संकासुराला घाबरेल. आणू का?

आणा. झोप आली तर चादर अंथरून तिथेच झोपू द्या, आम्ही सगळे तसेच वाढलो.

माझी भाची त्याच वयाची होती. संकासुर आला आणि तिने आजीच्या पदरात तोंड खुपसलं ते बाहेरच काढेना. आजीने तिला उचललं आणि त्याचं काम संपल्यावर मागे ओसरीवर नेलं. बुरखा काढून तो घटाघटा पाणी पीत होता, केस घामाने कपाळाला चिकटलेले. "घाबरलंस गे बाय?" त्याने विचारलं आणि ती लाल जीभ तिच्या हातात दिली. "ही बघ, कापडाची आसा." तिने ती दोन बोटांत चोळून बघितली. कडेची शिवण उसवली होती. तिने विचारलं, दुखत नाही? तो म्हणाला, आता कोणी शिवल्यान तर नाय दुखाची. आजीने कनवटीच्या बटव्यातून सुईदोरा काढला आणि तिथेच चार टाके घातले.

पुढच्या वर्षी तो मंडपात आला तेव्हा भाची पुन्हा पदरात शिरली. पण या वेळी पदराला एका डोळ्यापुरती फट ठेवली होती, आणि ती शिवण टिकली आहे का हे बघत होती.